टॅक्सीचा बॅज, परमिट, पासिंग, मीटर : अनुभव लिहा

काळीपिवळी, टी-परमिट (टूरिस्ट टॅक्सी), रिक्षा, काहीही चालेल. 'आरटीओत फार त्रास' हे सगळ्यांना ठाऊक आहे. कागद नेमका कुठे अडतो आणि त्याचा चटका प्रवाशाला कसा बसतो, ते सांगा.

मालक-चालक
नवीन पोरं सगळ्याची एकच फाइल समजतात, घोळ तिथेच. लायसन्स आणि बॅज (प्रवासी गाडी चालवायचा बिल्ला) चालकाचा, परमिट मालकाचं, फिटनेस (गाडी धड असल्याचं प्रमाणपत्र) गाडीचं. तिन्हींच्या तारखा वेगळ्या. वय २० पूर्ण हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर हलक्या गाडीच्या लायसन्सवर टॅक्सी चालवता येते, हे खरं. काळीपिवळीला मात्र राज्याच्या नियमातला बॅज लागतोच आणि घोडं अडतं पोलीस पडताळणीत. अर्जावर एक पत्ता, राहणं दुसरीकडे. चौकशीला आलेल्याला माणूस सापडत नाही की शेरा उलटा. खोली भाड्याची असेल तर नोंदणीकृत करार आधीच जोडा. परमिट पाच वर्षांचं. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या किमान १५ दिवस आधी.

गॅरेजवाला
पासिंगचं, म्हणजे फिटनेसच्या तपासणीचं सांगतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचं, पुढे दरवर्षी. इंजिनमुळे गाडी क्वचितच परत येते. कारणं फुटकळ असतात: मागची लाल टेप सोललेली, हेडलाइटचा झोत वर, हँडब्रेक सैल, स्पीड गव्हर्नरचं (वेग रोखणारं यंत्र, टॅक्सीला ताशी ८० किमी) प्रमाणपत्र संपलेलं. १ जानेवारी २०१९पासून नोंदलेल्या टॅक्सीला लोकेशन यंत्र आणि पॅनिक बटण हवं. रिक्षाला सूट आहे. यंत्र बसवलेलं असतं, पण आतलं सिम रिचार्जवाचून मेलेलं. बटण दाबून सर्व्हरवर नोंद उमटते का, ते आदल्या दिवशीच बघा. फिटनेसची मुदत उलटली तर दिवसाला जादा ५० रुपये हा केंद्राचा नियम. २०२४मध्ये त्यावरून इतकी ओरड झाली की राज्याला वसुलीला स्थगिती द्यावी लागली. पण विनाफिटनेस गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, त्याला कोण स्थगिती देणार?

मीटर कारागीर
१ फेब्रुवारी २०२५पासून मुंबईत टॅक्सीचा पहिला दीड किलोमीटर ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २०.६६. रिक्षाचे २६ आणि १७.१४. चार किलोमीटरला टॅक्सीचे ३१ अधिक अडीच गुणिले २०.६६, म्हणजे ८२.६५, द्यायचे ८३. रात्री १२ ते पहाटे ५ सव्वापट.
पाच-दहा रुपये जास्त आले की लगेच 'मीटर फास्ट' म्हणू नका, सिग्नलचं वेटिंगही त्यात पडतं. फास्ट मीटर मोकळ्या रस्त्यावर पकडता येतं. मीटर चाकाचे फेरे मोजतं. मूळ मापापेक्षा लहान टायर घातला की किलोमीटरला फेरे वाढतात, भाडंही वाढतं. टायरचं माप बदललं की मीटर पुन्हा सेट करून सील करायला हवं, ते बरेच जण टाळतात. सीलची तार तुटलेली दिसली तर विचारा.
दरवाढीनंतर शहरातली सगळी मीटरं एकदम येतात. आम्ही नवा दर भरतो, आरटीओ रस्त्यावर चालवून तपासतं, मग सील. तोवर भाडं दरपत्रकावरून. शिफ्टवाल्याची त्या दिवसाची कमाई बुडते, मालकाचे पैसे मात्र द्यावेच लागतात.

रोजची प्रवासी
भाडं नाकारल्याच्या तक्रारीत गाडीचा पूर्ण क्रमांक, जागा, वेळ आणि कुठे जायचं होतं, हे चारही हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८चा दंड किरकोळ. खरा धाक कलम ८६चा, कारण त्यात परमिट निलंबित होतं. पण परमिट मालकाचं! नाही म्हणणारा शिफ्टचा चालक उद्या दुसरी गाडी घेतो. नियम चुकीच्या माणसाला लागतो, असं माझं मत.

टी-परमिटवाला
अ‍ॅपवरच्या टॅक्सीसाठी मुंबईत सप्टेंबर २०२५मध्ये किलोमीटरला २२.७२ रुपये मूळ दर ठरला. गर्दीत जास्तीत जास्त दीडपट. नंबरची पाटी बघून बसा. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी गाडी भाड्याने चालवली तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायची भाड्याची गाडी. ती घेऊन कुणी 'ड्रायव्हरसकट सोडतो' म्हणाला तर नको म्हणा.

मालक-चालक
राहिलं एक. परमिटधारक गेला तर ३० दिवसांत प्राधिकरणाला कळवायचं. वारसाला त्याच परमिटवर तीन महिने गाडी चालवता येते, हस्तांतराचा अर्जही तेवढ्यातच. घरचे गाडी शिफ्टवर देऊन मोकळे होतात आणि मुदत निघून जाते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधी मागा, उशीर बहुतेक तिथेच होतो.