कडेवर मराठा पलटणीचं नाव, पण पदक कांस्याचं. घ्यावं का?

सातारकर: पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल ऑनलाइन विकायला आलंय. कडेवर ११० मराठा लाइट इन्फंट्रीच्या शिपायाचं नाव. विक्रेता म्हणतो, कांस्याचं म्हणून दुर्मिळ. घेऊ?

वसंतकाका: थांबा. लढाऊ शिपायाला हे पदक चांदीचं मिळे. कांस्याचं कामगार पलटणींतल्या मजुरांसाठी होतं. इथे धातू आणि नाव जुळत नाही. ही पलटण इराकमधल्या कूट गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली, एप्रिल १९१६ मध्ये शरण गेली, तिचे कितीतरी जवान कैदेत मेले. म्हणूनच त्या नावाला भाव चढतो आणि खोटी नावं पाडली जातात. मला याचा फार राग येतो. पूर्ण कडेचे फोटो मागा. अक्षरं ठशाने उमटवलेली हवीत. जुनं नाव घासलं असेल तर कड बारीक होते; व्यास सुमारे ३६ मिमी भरायला हवा.

नाणेप्रेमी: चुंबक लावून बघितलं तर?

वसंतकाका: चिकटलं तर नक्की खोटं. नाही चिकटलं तरी काही सिद्ध होत नाही, पितळही चिकटत नाही.

सातारकर: विक्रेत्याने कडेचा फोटो द्यायला नकार दिला. सोडलं.