ग्रुपवर पावणेचारशे, फिरायला पाच: माणसं कामाला कशी लावायची?

डिचोलीकर
गावातल्या डोंगरउतारावरची जमीन गोव्याच्या नगर नियोजन कायद्याच्या कलम ३९अ खाली सेटलमेंटमध्ये, म्हणजे बांधकाम चालतं अशा झोनमध्ये, घालायची नोटीस निघालीय. हरकतींना ३० दिवस, त्यातले नऊ गेले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पावणेचारशे जण, ऑनलाइन सह्या त्याहून जास्त, पण वाड्यांवर फिरायला पाच. "काही लागलं तर सांगा" म्हणणारे पुष्कळ. त्यांना प्रत्यक्ष कामात कसं आणायचं?

घुमटवाला
"सर्वांनी सहकार्य करावे" हा मेसेज कोणालाच लागू होत नाही. फोन करा. पाच जणांनी रोज दहा-दहा केले तर आठवड्यात जवळजवळ सगळी यादी होते. आधी भाषण नको, विचारा: या डोंगराशी तुमचा काय संबंध? विहीर खाली आहे, कुळागर (माड-पोफळींची बाग) आहे, की पावसात माती अंगणात येते? उत्तर वहीत नावापुढे लिहा.

मग एकच काम मागा, दिवस-वेळ घालून. "रविवारी साडेनऊला देवळाकडे या, तुमच्याच वाड्यावरची सहा घरं, साडेअकराला मोकळे." कधी सुटणार हे सांगितलं की होकार लवकर मिळतो. "बघतो" म्हणजे नाही असं धरून चाला आणि तिथल्या तिथे हलकं काम द्या, निदान स्वतःची हरकत लिहून देण्याचं. शनिवारी संध्याकाळी परत फोन. नवीन माणसाला एकटं पाठवू नका. पहिल्याच दारात कोणी उलटं बोललं की तो परत दिसत नाही. आणि निघताना पुढची तारीख तिथेच घ्या. "नंतर कळवतो" म्हणून सोडलेला माणूस गेलाच.

कुळागरी
ऑनलाइन सह्या हे फोन नंबर मिळवायचं साधन, त्याहून जास्त किंमत देऊ नका. पोच घेतलेली लेखी हरकत हवी. एकाच मजकुराच्या तीनशे झेरॉक्स देऊ नका, तो एकच मुद्दा तीनशे वेळा होतो. वरचा भाग छापील: नोटिशीची तारीख, गाव, तालुका, सर्व्हे नंबर. खाली आठ ओळी कोऱ्या. त्या माणसाने आपल्या हाताने भरायच्या: माझी विहीर अमुक सर्व्हे नंबरात, उतारावरून पाणी असं येतं. दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन ती त्याच्याच हातात परत द्या. कागद घरात राहिला की पुढे काय झालं हे तो आपणहून विचारतो.

फिरताना सर्व्हे प्लॅन ए-थ्रीवर छापून न्या, नोटिशीतली हद्द लाल पेनाने आखून. माणूस आधी आपलं घर शोधतो, मग लाल रेघ किती जवळ आहे ते बघतो. कुठल्या जमिनीवर काय करता येईल हे ठरवणारा गोव्याचा 'प्रादेशिक आराखडा २०११' लोकांच्या विरोधामुळे जानेवारी २००७ मध्ये रद्द झाला, त्या चळवळीतही नकाशा हेच मोठं हत्यार होतं.

पेडण्याचो
वरच्या दोघांशी सहमत, पण सगळ्यांना दारोदार फिरवायचा हट्ट नको. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणासारख्या प्रकल्पांविरुद्धच्या चळवळीत २०२० मध्ये चित्रकारांनी चित्रं काढली, अभ्यासकांनी पत्रं लिहिली, वकिलांनी कोर्ट सांभाळलं, आणि १ नोव्हेंबरच्या रात्री चांदरला रुळांवर हजारो माणसं जमली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. लाजऱ्या माणसाला टायपिंग द्या, रिक्षावाल्याला पणजीची फेरी.

दोनदा येऊन गेलेल्याला मात्र तिसऱ्यांदा तेच काम देऊ नका. वीस घरं आणि त्यांची यादी त्याच्या नावावर करा, आणि मग मधे पडू नका. बहुतेक समित्या इथेच अडकतात: सगळं अध्यक्षाला विचारून.

डिचोलीकर
ब्रॉडकास्ट लिस्ट केली होती. निम्म्यांना मेसेज गेलेच नाहीत?

घुमटवाला
ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. पहिल्याच फोनवर नंबर सेव्ह करून घ्या. ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' करा, नाहीतर गुड मॉर्निंगखाली नोटीस बुडते.

कुळागरी
मुदतीत चतुर्थी येते का तेही बघा. त्या आठवड्यात कोणी फिरणार नाही, शिवाय सुट्ट्यांमुळे नगर नियोजन खात्यात शिक्काही मिळणार नाही. शेवटच्या चार दिवसांसाठी काही ठेवू नका.