बी-४०२ ची लेन्स

बुधवार

समीर, बी-४०२ (रात्री ९:१४): नमस्कार मंडळी. ग्रुपवर चालेल की नाही माहीत नाही, पण विचारतो. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे, सोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. ओवीला सध्या पक्ष्यांचं वेड लागलंय. रविवारी गंगापूर धरणावर गेलो होतो. समोर राखी बगळा होता, तो फोटोत तांदळाच्या दाण्याएवढा आलाय. लांबचं जवळ आणणारी लेन्स हवी आहे. बजेट १५ हजार. दुकानदार ७५-३०० घ्या म्हणतोय (हे मिलिमीटरचे आकडे, जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ येतं म्हणे). घेऊ का?

शोभा काकू, ए-२०१: मोबाईलमध्ये झूम असतो की रे. आमच्या नातवाने चंद्र काढलाय त्याच्यावर.

निखिल, सी-५०४: काकू, तो चंद्र अर्धा फोननेच रंगवलेला असतो 😄

निखिल, सी-५०४: समीर दादा, सरळ सिग्मा १५०-६००. पक्ष्यांसाठी त्याच्या खाली बघूच नका.

समीर, बी-४०२: किंमत बघितलीस का? ओवीची शाळा सोडवावी लागेल.

वसंत काका, ए-१०१: निखिल, ती जवळजवळ दोन किलोची आहे. पोरगी पाचवीत आहे. तिला व्यायामशाळेत घालायची नाहीये.

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी ८ पर्यंत पाणी भरून ठेवावे. कॅमेऱ्याची चर्चा पर्सनलवर केली तर बरं.

शोभा काकू, ए-२०१: करू द्या हो इथेच. रोज गुड मॉर्निंगच्या फुलांपेक्षा बरं आहे.

प्राजक्ता, सी-३०३ (रात्री १०:४०): समीर दादा, आत्ता वाचलं. ७५-३०० घेऊ नका. मी घेतली होती, माझी पहिली झूम, म्हणून हक्काने सांगते. ३०० चा आकडा वाचला आणि भुलले. त्या लेन्सला आयएस नाही. म्हणजे तुमचा हात हलला तर सावरून घेणारं आत काही नाही, आणि १५००डीच्या बॉडीतही ती सोय नाही. सगळी भिस्त हातावर. ३०० ला नेऊन व्ह्यूफाइंडरमधून बघा, फांदीवरचा पक्षी झोपाळ्यावर बसल्यासारखा दिसतो.

दुसरं म्हणजे ती १९९९ ची लेन्स आहे, फिल्मच्या काळातली. २०० पर्यंत बरी चालते. ३०० ला पांढऱ्या पक्ष्याच्या कडेने जांभळी रेघ येते आणि पिसं मेणाची असल्यासारखी सपाट दिसतात. फोकस शोधताना घरघर करते ते वेगळंच.

तुमच्या बजेटमध्ये एकच नाव घेईन, ५५-२५० आयएस एसटीएम. २०१३ ची आहे, खास तुमच्यासारख्या छोट्या सेन्सरच्या बॉडीसाठी केलेली. वजन ३७५ ग्रॅम, ७५-३०० भरते ४८०. ती दीड मीटरच्या अलीकडे फोकस करत नाही, ही ८५ सेंटीमीटरवर करते, त्यामुळे ओवी कुंडीतली फुलपाखरंही काढेल. फक्त एक बघा, याच आकड्यांच्या आणखी दोन जुन्या लेन्सेस बाजारात आहेत, आयएस आणि आयएस टू. दिसायला बहिणी-बहिणी. नळीवर ‘एसटीएम’ लिहिलेलं असेल तीच घ्या.

समीर, बी-४०२: ताई, खूप आभार. पण २५० आणि ३०० मध्ये ५० चा फरक पडतो ना? पक्षी अजून जवळ आला असता, असं मनात राहतं.

वसंत काका, ए-१०१: समीर, वही घे. तुझ्या कॅमेऱ्यात २४ मेगापिक्सेल आहेत. २५० वर काढलेला फोटो कापून ३०० एवढा केलास, तर लांबी-रुंदी १.२ ने कमी होते, म्हणजे क्षेत्रफळ १.४४ ने. २४ ला १.४४ ने भाग. साडेसोळाच्या वर मेगापिक्सेल उरतात. एवढ्यात भिंतीवर लावायला मोठी प्रिंट निघते. म्हणजे ५० चा फरक कात्रीने भरून निघतो. हललेला फोटो मात्र कशानेच सुधारत नाही.

वसंत काका, ए-१०१: आणि हेही लिहून ठेव, म्हणजे नंतर रुसायला नको. तुझ्या सेन्सरची उंची १४.९ मिमी. सव्वा मीटर उंचीचा रोहित पक्षी (फ्लेमिंगो) १०० मीटरवर उभा असेल, तर २५० ची लेन्स त्याला सेन्सरवर ३ मिमीचा करते. म्हणजे चौकटीचा पाचवा हिस्सा. तेच तांबट पक्षी, १६ सेंटीमीटरचा, १० मीटरवर असेल तर ४ मिमी. लांबच्या रोहितापेक्षा जवळचा तांबट मोठा येतो.

निखिल, सी-५०४: काका रिटायर झाले पण पाटबंधारे खातं अजून त्यांच्यातून रिटायर झालेलं नाही 🙏

गुरुवार

निखिल, सी-५०४: मला एक सांगा, डीएसएलआरमध्ये आता पैसे घालायचेच कशाला? सगळे मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे चाललेत.

प्राजक्ता, सी-३०३: मुद्दा बरोबर आहे, पण घरात कॅमेरा पडून आहे ना. उद्या समीर दादांनी कॅननची मिररलेस घेतली तर ही लेन्स अडॅप्टर लावून त्यावर चालते. उलटं होत नाही. आरएफ माउंटची, म्हणजे मिररलेसच्या जोडणीची नवी लेन्स १५००डीला बसतच नाही. दुकानात कुणी स्वस्तातली आरएफ गळ्यात मारली तर परत करायला पळावं लागेल.

समीर, बी-४०२: आणि ते टेलिकन्व्हर्टर? ऑफिसात एकजण म्हणाला, मध्ये लावला की २५० चे ३५० होतात.

प्राजक्ता, सी-३०३: या लेन्सला कॅननचा कन्व्हर्टर बसत नाही. दुसऱ्या कुणाचा लावलात तरी उजेड एक पायरी कमी होतो, एफ ५.६ चं एफ ८ होतं (हा आकडा वाढला की उजेड कमी), आणि १५००डीचा ऑटोफोकस ५.६ पर्यंतच भरवशाचा. मग हाताने फोकस करत बसा. तोवर पक्षी सिन्नरला.

मिलिंद, बी-१०३: सेकंड हँड घेणार असशील तर माझं ऐक. मी दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एकाकडून झूम घेतली. फोटोत नवीकोरी. वर सांगितलं, ‘कमी वापरलेली, कपाटातच होती.’ कपाटातच होती हाच घोळ. पावसाळाभर बंद कपाटात, आत बुरशी. घरी आल्यावर बायकोने टॉर्च मारला तर काचेच्या आत कोळ्याचं जाळं. साफ करायचा खर्च लेन्सच्या निम्मा सांगितला. अजून तशीच पडलीय, कुणाला पेपरवेट हवा असेल तर सांगा.

वसंत काका, ए-१०१: वापरलेली घेताना मागचं-पुढचं झाकण काढ, एका बाजूने मोबाईलचा टॉर्च लाव आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघ. सरळ बघितलं तर काही दिसत नाही. धुळीचे चार कण असले तर चालतात. धागे, जाळी, ढगाळ डाग दिसले की निघून ये. झूमची कडी फिरवताना कुठे अडते का ते बघ. आयएसचं बटण चालू करून शटर अर्धं दाब. आत बारीक गुणगुण ऐकू येते आणि चित्र एकदम थांबल्यासारखं होतं. थांबलं नाही तर आयएस गेलेलं आहे.

शोभा काकू, ए-२०१: आणि घेतल्यावर पावसाळ्यात ठेवायची कुठे? तांदळाच्या डब्यात?

प्राजक्ता, सी-३०३: नको काकू, तांदळाची पूड बारीक, झूमच्या फटीतून आत जाते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि रंग बदलणारं सिलिका जेल. रंग बदलला की तवा मंद तापवून परतायचं, परत कोरडं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये मी आठवड्याला बघते. आणि मुख्य म्हणजे लेन्स वापरात ठेवायची. बुरशीला अंधार आवडतो.

सेक्रेटरी: टाकी धुऊन झाली आहे. (सिलिका जेल कुठे मिळतं?)

शनिवार

समीर, बी-४०२ (संध्याकाळी ७:०५): गच्चीवरून रिपोर्ट. प्राजक्ता ताईंनी त्यांची ५५-२५० दिली आणि निखिलने मावसभावाची ७५-३०० आणली. मागच्या पिंपळावर तांबट बसला होता, तो हलेना. टुक-टुक-टुक चालूच. दोन्ही लेन्सेसनी दहा-दहा फोटो काढले, हातात धरून, शटर १/१६० सेकंद. उजेड उतरत होता. ७५-३०० चे दहापैकी दोन धड. ५५-२५० चे सात. एकात तर कपाळावरचा लाल ठिपका आणि चोचीभोवतीच्या मिश्या मोजता येतायत. फोटो टाकतोय.

शोभा काकू, ए-२०१: अगं बाई! हा आहे का तो ठोकणारा? मला इतकी वर्षं वाटायचं, कुठेतरी बांधकाम चाललंय.

वसंत काका, ए-१०१: तांबट लेनमध्ये लहानपण गेलंय माझं. भांड्यांवर हातोडी पडायची तो आवाज आणि हा आवाज डोळे मिटून ऐकला तर फरक कळायचा नाही. नाव उगाच नाही पडलं.

निखिल, सी-५०४: मान्य. माझा मावसभाऊ आता मला जेवायला बोलावणार नाही.

प्राजक्ता, सी-३०३: छान आलेत. पण दादा, एक लक्षात असू द्या. आयएस तुमचा हात थांबवतं, पक्ष्याला नाही. बसलेला पक्षी १/१६० वर मिळाला, उडता हवा असेल तर १/१००० च्या खाली येऊ नका, मग आयएसओ (सेन्सर उजेड किती वाढवून घेतो तो आकडा) १६०० गेला तरी जाऊ द्या. दाणेदार फोटो चालतो. आणि फोकसचा मधलाच बिंदू वापरा. १५००डीला बिंदू नऊ आहेत, पण खरा पक्का तो मधला एकच.

ओवी (समीरच्या फोनवरून): प्राजक्ता मावशी, रोहित पक्षी कुठे मिळतील?

प्राजक्ता, सी-३०३: नांदूरमध्यमेश्वरला राणी. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगाच्या यादीतली महत्त्वाची पाणथळ जागा आहे ते, २०२० मध्ये जाहीर झालं. रोहित दिसतीलच असं मी सांगत नाही. पण हिवाळ्यात वारकरी, चक्रवाक, शेकाट्या, चमचे भरपूर. जांभळी पाणकोंबडी तर इतकी जवळ येते की तुझ्या बाबांची १८-५५ सुद्धा चालली असती. बरं, एवढं करायचं की पहाटे निघायचं. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते. मग लाखाची लेन्स असो की दहा हजारांची, लांबचा पक्षी पाण्यात विरघळल्यासारखाच येतो. मी दोन वर्षं लेन्सला नावं ठेवत होते, चूक माझ्या उशिरा उठण्याची होती.

वसंत काका, ए-१०१: निफाडची थंडी आहे. पेपरात रोज पारा छापून येतो तो उगाच नाही. कानटोपी घाला.

मंगळवार

समीर, बी-४०२: घेतली! ५५-२५० एसटीएम, वापरलेली, एमजी रोडला. साडेदहा हजार. काका सोबत आले होते. त्यांनी टॉर्च मारून पहिली लेन्स नाकारली, दुसरीला मान डोलावली. दुकानदार म्हणाला, आजोबा लेन्स बघतायत की मुलगी?

वसंत काका, ए-१०१: मुलगी बघायला टॉर्च लागत नाही. उरलेल्या पैशांतून हुड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारं कडं घे, तो सोबत येत नाही. पुढची काच कुठेतरी आपटली तर हुड फुटतो, काच वाचते.

प्राजक्ता, सी-३०३: अभिनंदन! निखिलचा रुसवा काढायला एखाद्या रविवारी १५०-६०० भाड्याने आणू. सगळे मिळून हात दुखवून घेऊ.

शोभा काकू, ए-२०१: प्राजक्ता, नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायच्या मनोऱ्याच्या कठड्यावर लेन्स टेकवायला पिशवी हवी म्हणालीस ना? मुलाच्या जुन्या जीन्सचा पाय कापून शिवलीय. आत तांदूळ भरलाय, शिवण दुहेरी घातलीय, तुझी ती पूड बाहेर यायची नाही.

प्राजक्ता, सी-३०३: काकू 😍 दुकानात याला बीन बॅग म्हणून केवढ्याला विकतात!

शोभा काकू, ए-२०१: सव्वा किलो आहे. इंद्रायणी नाही घातला, रेशनचा घातलाय.

समीर, बी-४०२: रविवारी पहाटे ५ ला निघतोय. गाडीत मी, ओवी, प्राजक्ता ताई, काका. एक जागा आहे.

सेक्रेटरी: वॉचमनला ४:४५ ला गेट उघडायला सांगितले आहे. ती जागा माझी धरा.