मदत हवी आहे : 'फर्गेट युअर पास्ट'चं मराठी काय करावं?

बल्गेरियन छायाचित्रकार निकोला मिहोव यांच्यावर लेख लिहितेय. कम्युनिस्ट काळातल्या स्मारकांच्या फोटोंचं त्यांचं पुस्तक 2012 मध्ये आलं, 'फर्गेट युअर पास्ट'. हे शब्द बुझलुजा डोंगरावरच्या पक्षाच्या स्मारकाच्या दारावर कोणीतरी रंगवले होते. ती तबकडीसारखी इमारत 1981 मध्ये उघडली आणि 1989 नंतर ओस पडली.

घोडं अडलंय ते शीर्षकाच्या मराठीवर. 'भूतकाळ विसरा' सरकारी फलकासारखं वाटतं, 'विसर तुझा भूतकाळ' भावगीतासारखं! 'मागचं विसर' जवळ जातं, पण समजूत घातल्यासारखं. तू की तुम्ही, हे इंग्रजीत कळत नाही, आणि भिंतीवरचा मजकूर इंग्रजीतच होता, त्यामुळे बल्गेरियनचाही आधार नाही. शिवाय फोटोंमधून मिहोव नेमकं उलट करतात, विसरू देत नाहीत. तो उपरोध शीर्षकात टिकायला हवा.

मूळ नाव देवनागरीत देणारच आहे, तेव्हा 'तसंच ठेवा' नको. जास्तीत जास्त तीन शब्द. रात्री भिंत रंगवणारा माणूस हे मराठीत कसं लिहील, आणि कोणाला उद्देशून?