पोटापाण्याला शहरात, नाव मात्र गावच्या यादीत: स्थानिक निवडणुकीत मत कुठे द्यावे?

प्रभागवासी (धागाकर्ता)

मुंबई महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ नंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली आणि त्याआधीची जवळपास चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. एवढ्या प्रतीक्षेनंतर आलेल्या निवडणुकीच्या तोंडावर मोठा वाद झाला तो दुबार नावांवरून. संभाव्य दुबार मतदारांच्या नावांपुढे यादीत दोन तारका छापाव्या लागल्या. त्या गदारोळात बोगस मतदानाविषयी पुष्कळ बोलले गेले. मला मात्र ज्यांचे नाव एकाच ठिकाणी आहे, पण जिथे ते राहत नाहीत अशा ठिकाणी आहे, त्यांच्याविषयी बोलायचे आहे. वर्षानुवर्षे मुंबई, ठाणे, पुण्यात राहणारे, तेथील शाळांत मुले घालणारे आणि तेथील नळाचे पाणी पिणारे असंख्य लोक आपले नाव कोकणातल्या किंवा साताऱ्यातल्या गावच्या यादीतच ठेवतात. माझे स्पष्ट मत असे आहे की त्यांनी ते हलवावे.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदार त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी असावा लागतो, आणि त्याच कायद्याचे कलम २० सांगते की एखाद्या ठिकाणी घर मालकीचे आहे किंवा ताब्यात आहे, एवढ्याच कारणावरून माणूस तेथील रहिवासी ठरत नाही. राज्य निवडणूक आयोग स्थानिक निवडणुकांसाठी स्वतंत्र यादी तयार करत नाही. विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेला धरून ती प्रभागांत, जिल्हा परिषदेच्या गटांत आणि पंचायत समितीच्या गणांत विभागली जाते. म्हणजे गावच्या यादीत नाव ठेवणारा माणूस आमदारापासून नगरसेवकापर्यंत शहरातला प्रत्येक निर्णय इतरांवर सोपवतो. गटार तुंबते तेव्हा तक्रार तो करतो, पण ज्याच्याकडे करतो त्याला या माणसाच्या मताची चिंता करण्याचे कारणच उरत नाही.

कातळवाट

आपल्या मांडणीशी मी असहमत आहे. आपण कलम २० वाचले, आता राज्यघटनेचा अनुच्छेद २४३ वाचावा. गावच्या मतदार यादीत ज्यांची नावे नोंदलेली असतात त्यांची मिळून ग्रामसभा होते. याचा अर्थ, ज्या दिवशी मी नाव मुंबईला नेतो त्या दिवशी मी ग्रामसभेचा सदस्य राहत नाही आणि ग्रामपंचायतीची निवडणूकही लढवू शकत नाही. माझी घरपट्टी गावात भरली जाते, माझी जमीन तिथे आहे, वडिलांनी लावलेली कलमे तिथे आहेत, आणि वाडीकडे जाणारी पाखाडी (दगडी पायवाट) बांधायची की नाही हे ठरवणारी सभाही तिथेच भरते. शहरातील घर अकरा महिन्यांच्या कराराचे असते. मालकाने नकार दिला की प्रभाग बदलतो, कधी कधी महापालिकाही बदलते. अशा ठिकाणाला मी माझे कसे म्हणावे? शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी गावी येतो तो पाहुणा म्हणून येत नाही, आणि नोकरी संपल्यावर आमच्यापैकी अनेकजण कायमचे परततात. तोवर गावाने आम्हाला खोडून टाकावे, हे मला मान्य नाही.

शिवाय शहरातील मताचे मोलही तपासून पाहावे. मुंबई सोडली तर इतर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. बहुतेक ठिकाणी एका मतदाराने चार जागांसाठी चार मते द्यायची आणि नंतर चौघांपैकी जबाबदार कोण, हे शोधत बसायचे. गावात मात्र एका प्रभागाचा निकाल दहा-बारा मतांनीही फिरू शकतो. मला माझे मत कुठे जाते ते दिसते.

वाडीवरची

मी गावातच राहते, म्हणून ही बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. कातळवाट यांची तळमळ खरी आहे, पण गावाबाहेर राहणाऱ्यांची नावे यादीत राहिल्याने गावात राहणाऱ्यांचे काय होते, याचा विचार त्यांनी केलेला नाही.

ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. पाचशे मतदारांच्या गावाला पंचाहत्तर माणसे हवीत. त्या पाचशेतील दोनशे मुंबईला असतील, तर उरलेल्या तीनशेंतून ती जमवायची असतात. म्हणजे प्रत्यक्षात एक चतुर्थांश गाव सभेला यावे लागते. भातलावणीच्या दिवसांत ते जमत नाही आणि सभा तहकूब होते.

याहून कठीण प्रसंग दारूबंदीचा असतो. गावातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायका आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या बाजूच्या चिन्हाला, मत देतात तेव्हा झालेल्या मतदानात बहुमत मिळून भागत नाही. यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी बाई सुरतेला किंवा नालासोपाऱ्याला राहते आणि जिचे नाव गावात आहे, तिचे न आलेले मत दुकानदाराच्या पारड्यात पडते. तिने कधी दारूची बाजू घेतलेली नसते, तिला मतदानाचा दिवसही माहीत नसतो. रात्री नवऱ्याची वाट पाहत बसणाऱ्या बायकांनी दारोदार फिरून सह्या गोळा करायच्या, आणि आकडा अडायचा तो कुलूप लावलेल्या घरांपाशी. हे ज्याने पाहिले आहे तो यादीतील नावाला केवळ आठवणीची खूण मानू शकत नाही.

निवडणुकीच्या वेळी परिस्थिती उलटी होते. आदल्या रात्री उमेदवारांनी केलेल्या गाड्या भरून येतात, सकाळी मतदान होते आणि दुपारी गाड्या परत जातात. ज्यांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेली नसते, त्यांच्या मतांवर पुढच्या पाच वर्षांचा सरपंच ठरतो.

ऊसपट्टा

वाडीवरची यांचा मुद्दा वजनदार आहे. मात्र तो सरसकट लागू केल्यास अनर्थ होईल. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तेही वर्षातील अनेक महिने गावात नसतात. त्यांची नावे कुणी "गैरहजर" म्हणून वगळू लागला, तर ती माणसे कोणत्याच यादीत राहणार नाहीत, कारण कारखान्याच्या फडावरील पालाला पत्ता नसतो. याच कलम २० मध्ये अशीही तरतूद आहे की तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे कोणाचेही सर्वसाधारण रहिवासीपण संपत नाही. मुंबईत स्थिरावलेले कुटुंब आणि हंगामापुरते बाहेर गेलेले कुटुंब यांतील फरक या चर्चेत प्रत्येक वेळी स्पष्ट करावा, अशी माझी विनंती आहे. हिवाळ्यात स्थानिक निवडणूक लागली की या लोकांचे मत नाव असूनही बुडते, आणि त्याबद्दल दुबार नावांइतका आवाज कोणी उठवत नाही.

प्रभागवासी

हा फरक मला पूर्णपणे मान्य आहे. माझा मुद्दा स्थिरावलेल्यांपुरताच आहे.

कातळवाट, चार सदस्यांच्या प्रभागात जबाबदारी पातळ होते हे खरे आहे आणि ती पद्धत मलाही पटत नाही. परंतु त्यावर आवाज उठवायचा तर तो तेथील मतदारच उठवू शकतो. गावातील जमिनीचा हक्क, घरपट्टीची पावती, माहिती अधिकाराचा अर्ज यांपैकी काहीही नाव हलवल्याने जात नाही. जाते ते ग्रामसभेतील मत, आणि ते लहान नाही हे मी मान्य करतो. पण ते मत रोज गावात राहणाऱ्याकडे असावे, असे वरचा बाटलीचा हिशेब वाचल्यावर मला अधिकच वाटते.

भाड्याचे घर

तत्त्व पटले तरी व्यवहाराचे काय? मी पुण्यात राहतो. करार नोंदणीकृत करायला मालक तयार नाही, वीजबिल त्याच्या नावावर आहे, आणि नव्याने अर्ज भरला तर गावचे नाव आपोआप निघेल की दोन ठिकाणी राहील, हे नीट सांगणारा कोणी भेटला नाही. दोन ठिकाणी नाव राहिले तर गुन्हेगार आम्ही ठरणार.

प्रभागवासी

आपली भीती रास्त आहे, कारण एकाहून अधिक मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही आणि नोंदणीच्या अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणूनच अर्ज योग्य निवडावा. नमुना ६ हा पहिल्यांदाच नोंदणी करणाऱ्यांसाठी आहे. स्थलांतरासाठी २०२२ पासून नमुना ८ आहे. त्यात जुन्या मतदार ओळखपत्राचा क्रमांक द्यावा, म्हणजे नवी नोंद आणि जुनी वगळणी एकमेकांशी जोडली जाते. त्यानंतर काही आठवड्यांनी दोन्ही याद्या स्वतः तपासाव्यात. पत्त्यासाठी मालकाच्या नावाचे वीजबिलच हवे असे नाही. आधार किंवा बँकेचे पासबुक त्या पत्त्यावर असेल तर चालते. ज्यांना घरच नाही अशांच्या बाबतीत केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जाऊन तो माणूस खरोखर तिथे झोपतो का हे पाहतो, म्हणजे कागद नसणे हा नोंदणीचा शेवट नव्हे.

प्रभागाची प्रारूप यादी लागल्यावर धावाधाव करून मात्र उपयोग होत नाही. त्या टप्प्यावर चुकलेला प्रभाग, लेखनिकाची चूक किंवा विधानसभा यादीत असूनही प्रभागाच्या यादीत न आलेले नाव, एवढेच दुरुस्त होते; नवे नाव घेतले जात नाही.

कातळवाट

वाडीवरची यांचा प्रतिसाद वाचून मी अस्वस्थ झालो, हे नोंदवतो. तरीही माझे नाव मी हलवणार नाही. मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे आणि लवकरच गावी परतणार आहे. मुंबईतच जन्मलेल्या, गावी चार दिवसांपलीकडे न राहिलेल्या माझ्या दोन्ही मुलांची नावे मात्र आम्ही हौसेने गावच्या यादीत घातली होती. त्यांच्यासाठी नमुना ८ भरण्याविषयी घरी बोलणार आहे.