इंग्रजी नुकतीच शिकू लागलेल्या मुलांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संकल्पना कशा शिकवाव्यात?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका)

नमस्कार. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांची घरची भाषा इंग्रजी नाही आणि काहींनी ती नुकतीच शिकायला घेतली आहे. यंत्र उदाहरणांवरून कसे शिकते, अंदाज कसा बांधते आणि तो कुठे चुकतो, हे त्यांना इंग्रजी माध्यमातून शिकवायचे आहे. 'ट्रेनिंग डेटा' (यंत्राला शिकवण्यासाठी दिलेली उदाहरणे), 'मॉडेल' (त्यांवरून शिकून अंदाज बांधणारी प्रणाली), 'बायस' (यंत्राचा एकांगी कल) यांच्या व्याख्या मुले पाठ करून लिहितात, पण नवे उदाहरण समोर ठेवले की गोंधळतात. आधी इंग्रजी पक्के होऊ द्यावे, असे काही सहकारी सुचवतात. मला ते पटत नाही. मात्र दुसरी वाटही नीट दिसत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (भाषाशिक्षिका)

आपली शंका योग्य आहे. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये रोजच्या बोलण्याची भाषा आणि शालेय अभ्यासाची भाषा यांत फरक केला. बोलणे तुलनेने लवकर जमते. अभ्यासाची भाषा अंगवळणी पडायला मात्र साधारणपणे 5 ते 7 वर्षे लागतात. इतका काळ संकल्पना थांबवून ठेवल्या, तर त्या मुलांचे शिक्षणच थांबेल.

मी व्याख्येपासून सुरुवात करत नाही. 'टीचेबल मशीन' या गूगलच्या मोफत साधनात मुले पेनची छायाचित्रे पांढऱ्या कागदावर आणि पेन्सिलीची गडद बाकावर काढतात. मग पेन त्याच गडद बाकावर ठेवून कॅमेऱ्याला दाखवायला सांगते. अशा वेळी यंत्र बऱ्याचदा त्याला पेन्सिल म्हणते, कारण ते वस्तूऐवजी पार्श्वभूमीच शिकलेले असते. असे का झाले, याची चर्चा मुलांनी ज्या भाषेत विचार येईल त्या भाषेत करावी. त्यानंतर मी फळ्यावर वाक्याचा सांगाडा देते: 'द मॉडेल प्रेडिक्टेड... बिकॉज द ट्रेनिंग डेटा...'. रिकाम्या जागा भरताना मुलांजवळ सांगण्यासारखे काहीतरी आधीच असते, म्हणून शब्द टिकतात.

उत्तर (संगणक शिक्षक)

वरील प्रयोगाला एक जोड सुचवतो. याच यंत्रासमोर खोडरबर धरा. त्याला दोनच गट शिकवलेले असल्याने ते एकूण शंभर टक्के शक्यता त्या दोघांतच वाटते, आणि पडद्यावर पेनची शक्यता दाखवणारी पट्टी ठामपणे 90 टक्क्यांच्या पुढेही जाऊ शकते. 'मला माहीत नाही' हे उत्तर त्याच्यापाशी नसतेच. मुलांना हे एकदा डोळ्यांनी दिसले की संभाव्यता आणि सत्य यांतील अंतर त्यांना समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजीतील 'इट इज', 'इट इज प्रॉबेबली' आणि 'इट माइट बी' या रचनाही तिथेच शिकवाव्यात; पट्टीवरील टक्के पाहून मुलांनी योग्य रचना निवडावी.

आपण काही बदल केला नाही, तर छायाचित्रे त्याच संगणकावर राहतात; प्रकल्प गूगल ड्राइव्हवर जतन केला तरच ती बाहेर जातात. त्यामुळे चेहऱ्यांऐवजी वस्तूच वापराव्यात.

उत्तर (अध्यापक प्रशिक्षक)

'बायस' शिकवण्यासाठी या मुलांपाशी पोहोचणारे एक खरे उदाहरण आहे. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मजकूर यंत्राने लिहिला आहे का, हे ओळखणारी सात साधने तपासली. टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध, जे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी लिहिले होते, त्यांपैकी सरासरी 61 टक्क्यांहून अधिक या साधनांनी यंत्रलिखित ठरवले. शब्दसंग्रह मर्यादित असला की पुढचा शब्द ओळखणे सोपे जाते आणि नेमकी हीच गोष्ट या साधनांना संशयास्पद वाटते. निकाल मुलांसमोर ठेवून 'कोणाच्या लेखनावर अन्याय झाला आणि कशामुळे?' असे विचारावे. आणि मी आग्रहाने सांगतो, अशा साधनाच्या निर्णयावरून कोणत्याही मुलावर नक्कल केल्याचा आरोप करू नये.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पेन-पेन्सिलीचा प्रयोग पुढील तासाला घेते. मूल्यमापनाबद्दल एक विचारायचे राहिले: संकल्पना समजली, पण इंग्रजी वाक्य चुकले, तर गुण कसे द्यावेत?

उत्तर (भाषाशिक्षिका)

दोन्हींचे गुण वेगळे ठेवावेत. संकल्पनेसाठी मुलाला चुकलेले मॉडेल द्या आणि दुरुस्त करायला सांगा. त्याने गडद बाकावरच्या पेनची छायाचित्रे स्वतःहून वाढवली, तर संकल्पनेचे पूर्ण गुण द्यावेत. इंग्रजी वाक्य त्यानंतर भाषेच्या निकषावर तपासावे.