'रुबेला'ला फलकावर काय लिहायचं?

तासगाव तालुका, अंगणवाडी सेविका:
नमस्कार. कारखान्याचा सीझन सुरू झालाय आणि गावाबाहेर ऊसतोडवाल्यांच्या कोप्या पडल्यात. पुढच्या आठवड्यात तिथंच लसीकरणाचं सत्र आहे, फलक मला लिहायचाय. कार्डावर नुसतं 'एमआर' असतं, म्हणजे मीझल्स-रुबेला, गोवर आणि रुबेलाची एकत्र लस. बोलताना आम्ही सगळ्याच 'गोवराची सुई' म्हणतो. मग आया म्हणतात, "पोराचा गोवर निघून गेला की मागच्या साली, आता कशाला टोचता?" रुबेला म्हणून वेगळा आजार आहे हे त्यांच्या कानावरच पडत नाही. काय लिहू? 'रुबेला', 'जर्मन गोवर', की सोपं म्हणून 'बारका गोवर'?

कराड:
'जर्मन गोवर' नको, ताई. तो काही जर्मनीतून आलेला नाही. अठराव्या शतकात जर्मन डॉक्टरांनी त्याचं वेगळं वर्णन केलं म्हणून ते नाव चिकटलं. 'रुबेला' लॅटिन शब्द आहे, अर्थ साधारण 'लालसर, बारीक'. 1866 मध्ये हेन्री व्हील या ब्रिटिश लष्करातल्या डॉक्टरानं तो सुचवला, आणि तोही भारतात पाहिलेल्या साथीबद्दल लिहिताना. म्हणजे शब्द परका वाटला तरी त्याचं बारसं एका अर्थानं इथलंच.

मिरज, परिचारिका:
'बारका गोवर' तर मुळीच लिहू नका. गोवर आणि रुबेला यांचे विषाणू वेगवेगळे. गोवर होऊन गेला म्हणून रुबेलापासून संरक्षण मिळत नाही. आणि 'बारका' म्हटलं की माणसं निर्धास्त होतात. मुलाला खरंच फारसं काही होत नाही: थोडा ताप, चेहऱ्यापासून खाली उतरणारं फिकट पुरळ, तीनेक दिवसांत साफ. कानामागं आणि मानेच्या मागच्या बाजूला बोटं फिरवली तर दुखऱ्या गाठी लागतात. कित्येकांना तर पुरळही उठत नाही. पण खोकला-शिंकांतून तो पसरत राहतो, पुरळ उठायच्या आठवडाभर आधीपासून ते उठल्यावर आठवडाभर. त्याच कोपीत नुकतेच दिवस गेलेली मावशी किंवा काकू असली, आणि तिला आधी रुबेला झालेला नसेल, लसही मिळालेली नसेल, तर पोटातल्या बाळावर आघात होतो. पहिल्या बारा आठवड्यांत धोका सर्वांत जास्त. गर्भपात होतो, बाळ मृत जन्मतं, नाहीतर मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष घेऊन येतं. 1941 मध्ये नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियातल्या नेत्रतज्ज्ञाला तान्ह्या बाळांत एवढे मोतीबिंदू का दिसतात हा प्रश्न पडला. आयांशी बोलताना उलगडलं की गरोदरपणात त्यांना रुबेला होऊन गेला होता.

फलटण:
कानामागच्या गाठींना 'अवधाण' म्हणावं का? आमच्याकडं गाठ सुजली की अवधाण आलं म्हणतात.

मिरज, परिचारिका:
अवधाण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जांघ किंवा काख येते, आणि पायाला कुठं लागलंय का ते बघतात. 'कानामागं गाठी' असंच लिहा दादा, कुणालाही कळतं.

इस्लामपूर, शिक्षक:
एका शब्दाबद्दल मला मनापासून लिहायचंय. कागदोपत्री या बाळांच्या दुखण्याला 'जन्मजात रुबेला' म्हणतात. मराठीत 'जन्मजात' आणि 'आनुवंशिक' यांची सर्रास गल्लत होते. जन्मजात म्हणजे जन्मापासून असलेलं, एवढंच. आनुवंशिक म्हणजे आईबापांकडून रक्तातून आलेलं. ही गल्लत कागदावरच राहिली असती तर सोडून दिलं असतं. पण बाळाला ऐकू येत नाही म्हटलं की सासरी पहिला प्रश्न येतो, "तुमच्या घराण्यात कुणाला होतं?" नाहीतर "ग्रहण पाळलं नसशील, सुरी हातात घेतली असशील." ज्या बाईला स्वतःला अंगभर पुरळसुद्धा उठलं नसेल, तिनं आयुष्यभर हा बोल ऐकायचा. दोष विषाणूचा. ना घराण्याचा, ना ग्रहणाचा. फलकावर 'जन्मजात' ऐवजी 'गरोदरपणात लागण झाल्यानं बाळाला येणारं बहिरेपण, मोतीबिंदू' असं लिहा. लांबलं तरी चालेल.

तासगाव तालुका, अंगणवाडी सेविका:
सर, हे फार बरं झालं लिहिलंत. आणखी एक प्रश्न तिथं हमखास येतो: "पोटुशी बाईला धोका, तर मग सुई पोरांना कशाला?"

मिरज, परिचारिका:
कारण घरात आजार घेऊन येतात ती पोरंच. शिवाय दिवस गेलेल्या बाईला ही लस देताच येत नाही, तिच्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. द्यायची ती आधी, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत. म्हणून मुलगा असो की मुलगी, दोन डोस: पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. आपल्या राज्यात 2018 च्या नोव्हेंबरात मोहीम झाली, तेव्हा नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालच्या सगळ्यांना दिली, शाळाशाळांत. त्यानंतर ती नेहमीच्या लसीकरणात आली. उजव्या दंडात, कातडीखाली. मोफत.

वाई:
'सुई' ऐवजी 'लस' लिहा, ताई. शब्द जुना आहे. जखमेतून लस येते तीच ही; देवी टोचायच्या तेव्हा फोडातली लस घेत. सुईत काय भरलंय ते त्यातून कळतं.

तासगाव तालुका, अंगणवाडी सेविका:
वाईकर दादा, 'लस' फलकावर, 'सुई' तोंडी, कारण हाक मारताना कोपीतल्या बायका 'सुई' ऐकूनच बाहेर येतात. मजकूर असा केलाय, बघा:

"गोवर आणि रुबेला हे दोन वेगळे आजार. लस एकच. गोवर होऊन गेला असेल तरी लस घ्या. रुबेला मुलांना हलका जातो, पण पोटातल्या बाळाला बहिरं, आंधळं करू शकतो. मुलगा-मुलगी दोघांना द्या. गावाकडचं कार्ड असेल तर घेऊन या, नसेल तरी या."

इस्लामपूर, शिक्षक:
'नसेल तरी या' सर्वांत वर घ्या, मोठ्या अक्षरांत. गावाकडं कार्ड राहिलंय म्हणून बसून राहणारी कुटुंबं मी दर सीझनला बघतो.